पाण्यावरून जेवायला

आमच्या कंपनीतल्या इब्राहिम पारकरांना जेवायला बोलावलं, तर काय जेवण आहे, कुणाकडून आहे, कोण कोण येणार आहे, यातलं ते काहीही विचारत नाहीत. एकच विचारतात, "तिथं बोट लागते काय?"

बोट लागत नसेल तर पारकरचाचा नम्रपणे "माफी असू दे" म्हणतात आणि घरून आणलेला डबा उघडतात. लागत असेल तर येतात, पण बोटीनेच. गेल्या हिवाळ्यात आमच्या मॅनेजरसाहेबांचा निरोपसमारंभ दुबईच्या देरा भागातल्या एका हॉटेलात होता. शारजाहून कंपनीची बस थेट हॉटेलच्या दारात सोडणार होती. चाचा त्या बसमध्ये चढले नाहीत. दुसऱ्या बसने देऱ्यावरून पुढे, खाडीच्या पलीकडे बर दुबईला गेले आणि तिथून अब्रा पकडून परत अलीकडे आले. अब्रा म्हणजे दुबईच्या खाडीत माणसांची ने-आण करणारी लाकडी होडी. आमच्या हातात आइस्क्रीमच्या वाट्या आल्या तेव्हा हे घामाने निथळत दारात उभे.

"पारकर, व्हॉट हॅपन्ड?" मॅनेजरसाहेब घाबरून म्हणाले.

"टेस्टिंग किया, सर. धक्के से चलने को लंबा पडता है. खलास! ये हॉटेल बाद."

ज्यांचा निरोपसमारंभ होता ते सोडून सगळे हसले. मीही खूप हसले. मी हिशेब खात्यात, चाचा स्टोअरमध्ये, आणि शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या आमच्या एसीच्या डक्टच्या कारखान्यात मराठी बोलणारे आम्ही दोघेच. तेव्हा हे टेस्टिंग कसलं, ते विचारण्याचा हक्क माझाच होता.

चाचांनी ते सरळ सांगितलं. वर्षभराने, मार्चमध्ये, त्यांचा व्हिसा संपणार, नोकरीही संपणार. मग कायमचं दाभोळच्या खाडीकाठी आपल्या गावी. त्याआधी एक महिना झुबेदाचाची, म्हणजे त्यांची बायको, पहिल्यांदाच दुबई बघायला येणार होती. "आणि तिला गाडी लागते, ताई. दहा मिनिटं मोटारीत बसवा, उलटी. पण पाण्यावर? तुफानातल्या तरीत उभी राहील आणि वर नावाड्याला शिव्या देईल. म्हणून जेवायला न्यायचं ते पाण्यावरूनच."

"अहो, पण एका जेवणासाठी एवढी शोधाशोध?"

"एकच तर आहे," चाचा म्हणाले. "गावी पोचलो की ती परत चुलीपुढे आणि मी परत पाटावर. तिला समोर बसवून, ती जेवतेय आणि मी बघतोय, असं होईल तर इथेच. तिला आवडेल ते खायला घालायचं. पोटभर."

मला तेव्हा ते फार गोड वाटलं. माझ्या नवऱ्याला, मिलिंदला, मी ते दोनदा ऐकवलं. त्याने "वा" म्हटलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

त्यानंतर आमचे बरेच रविवार चाचांच्या टेस्टिंगमध्ये गेले. मी, मिलिंद आणि आमची रेवा. चाचा पुढे, हातात पाण्याची बाटली, डोक्यावर कंपनीची टोपी. धक्क्यावर उतरायचं, जवळचं हॉटेल गाठायचं, एक पदार्थ मागवायचा. चाचा डोळे मिटून एक घास खाणार, आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे बघणार. मग डोळे उघडून निकाल. "झकास आहे. पण नाय. यल्ला, चला, पुढचा धक्का!" उरलेलं आम्ही संपवायचं, त्यामुळे मिलिंदची तक्रार नव्हती.

मल्याळी हॉटेलातली मच्छीकरी बाद, कारण रस्सा पातळ. इराण्याचा कबाब बाद, कारण कोरडा. नव्या कालव्यावर तर फजितीच झाली. तिथे काचेच्या इमारती, काचेची हॉटेलं आणि आपण चुकून आत आलो तर नाही ना, असं वाटायला लावणारे वेटर. चाचांनी मेन्यूतला सगळ्यात लांब नावाचा पदार्थ मागवला. पावाच्या एका तुकड्यावर हिरवी चटणी आणि वर अर्धं अंडं, असं काहीतरी आलं. चाचांनी ते सर्व बाजूंनी बघितलं.

"ताई, किती म्हणाला हा? साठ दिरहम? म्हणजे आपले चौदाशे रुपये? चौदाशेत आमच्याकडे माणूस लग्नाचं जेवण जेवून वर हात धुवायला गरम पाणी मागतो."

तिथली एक वाढणारी फिलिपिनो मुलगी काळजीने जवळ आली. "सर, एनीथिंग राँग?"

"नो, नो. व्हेरी गुड. बट नॉट फॉर हर."

ती मुलगी माझ्याकडे अशी बघायला लागली की मला उगाचच "आय लाइक इट, आय लाइक इट" म्हणत ते सगळं खावं लागलं.

रेवा कंटाळायची. "चाचा, व्हाय कान्ट वुई जस्ट ऑर्डर इन?" चाचा तिला म्हणायचे, "इन्शाल्ला, बेटा, पुढचा धक्का."

पण हिशेब खात्यात काम केल्यामुळे एक सवय लागते. न जुळणारी गोष्ट डोळ्यांत खुपते. एका रविवारी बिर्याणी बाद झाली, कारण "हिला एवढं तिखट झेपायचं नाय." पुढच्या रविवारी पुलाव बाद झाला, कारण "हिला असलं अळणी उतरायचं नाय." गोड एकदा जास्त, एकदा कमी. मासा एकदा काटेरी म्हणून नको, एकदा काटेच नाहीत म्हणून नको. शेवटी अब्रात बसल्यावर मी विचारलंच, "चाचा, एकदा नक्की सांगा. चाचींना तिखट चालतं की नाही?"

अब्रात बाकं अशी असतात की सगळी माणसं बाहेर, पाण्याकडे तोंड करून बसतात. शेजारच्याच्या चेहऱ्याकडे बघायला मुद्दाम मान वळवावी लागते. चाचांनी मान वळवली नाही.

"चालत असेल," ते म्हणाले.

"असेल?"

मग ते हळूच म्हणाले, "मला ठाऊक नाय, ताई."

आणि मग बोलत राहिले. आधी फॅमिली व्हिसाला पुरेल एवढा पगार नव्हता. पगार वाढला तेव्हा मुलांच्या शाळा सुरू होत्या. शाळा संपल्या तर चाचांची आई अंथरुणाला खिळली. दर वेळी "पुढच्या वर्षी इन्शाल्ला". वर्षातून एक महिना ते घरी जायचे आणि तो महिना घरात सण असायचा. पहिल्या दिवसापासून त्यांच्या आवडीची सांदणं, त्यांच्या आवडीच्या तिसऱ्या, त्यांच्या आवडीचं भरलेलं पापलेट. चाची वाढायच्या, हे जेवायचे. त्या मागाहून आत जेवायच्या.

"काय जेवते, किती जेवते, कधी बघितलंच नाय. मी आपला हात धुवून ओटीवर. फोनवर विचारलं आता, तुला काय आवडतं. म्हणाली, तुम्हाला आवडतं तेच. मग कसली टेस्टिंग करतो मी? मी खातो, आणि डोळे मिटून तिचं तोंड आठवायचा प्रयत्न करतो. जेवतानाचं तोंड काही आठवतच नाय. वाढतानाचंच आठवतं."

फार वाईट वाटलं. घरी आल्यावर मी मिलिंदला विचारलं, "मला काय आवडतं खायला?"

"मिसळ," तो मोबाइलवरची नजर न काढता म्हणाला.

"ती तुला आवडते."

त्याने मोबाइल खाली ठेवला. चांगला विचार केला. मग आशेने रेवाकडे बघितलं. रेवा म्हणाली, "आय नो! ममा लाइक्स द फर्स्ट पोळी. द हार्ड वन. शी ऑलवेज ईट्स दॅट."

त्या दिवसापासून मी चाचांना हसले नाही.

चाची फेब्रुवारीत आल्या. लहानखुऱ्या, काटक, डोक्यावर पांढरी ओढणी, नाकात चमकी. विमानतळावरून घरी येईपर्यंत मोटारीने त्यांचा जीव अर्धा केला होता. पण रविवारी अब्रात पाऊल ठेवलं आणि एकदम सरळ झाल्या. नावाड्याने होडी जरा जोरात वळवली तेव्हा "काय रं, घाई कसली?" म्हणून त्याला दापलंसुद्धा. तो बांगलादेशी होता. त्याला शब्द कळले नसावेत, पण त्याने वेग कमी केला.

चाचांनी सगळं मनाशी जुळवून ठेवलं होतं. कुठलंच एक हॉटेल ठरत नव्हतं, म्हणून सगळीच. प्रत्येक धक्क्यावर थोडं थोडं. पहिल्या हॉटेलात त्यांनी मेन्यू चाचींपुढे सरकवला. चाचींनी तो परत सरकवला.

"तुम्ही सांगा."

"नाय, तू सांग."

"तुम्ही सांगाल ते."

शेवटी वेटरनेच मच्छीकरी आणली. चाचींनी खाल्ली. चाचा घास न उचलता बघत होते. "कशी आहे?"

"चांगली आहे." आणि त्यातला सगळ्यात मोठा तुकडा त्यांनी चाचांच्या ताटात टाकला.

पुढचा धक्का. कबाब चांगला आहे. पुढचा धक्का. बिर्याणी चांगली आहे. रेवाचा शवर्माही चांगला आहे. प्रत्येक वेळी चांगला तुकडा चाचांच्या ताटात जात होता आणि चाचांचा चेहरा उतरत होता. वर्षभराचं टेस्टिंग फुकट चाललेलं मला दिसत होतं. मिलिंदनेही त्या दिवशी काही संपवलं नाही.

शेवटच्या धक्क्यावर एक साधं लेबनीज हॉटेल होतं. ते आमच्या यादीतसुद्धा नव्हतं, रेवाला बाथरूमला जायचं होतं म्हणून शिरलो. वेटरने आपणहून रोट्या आणि हमूसची, म्हणजे वाटलेल्या काबुली चण्यांच्या चटणीची, बशी आणून ठेवली. चाचींनी रोटीचा तुकडा त्यात बुडवून तोंडात टाकला. चावल्या. थांबल्या. कसाबसा गिळला आणि एका बोटाने बशी दूर सारली.

"ह्ये नको. नाय आवडला मला."

चाचा बघतच राहिले. मग खुर्ची मागे सारून उभे राहिले आणि वेटरला मोठ्याने म्हणाले, "हबीबी! शी डझन्ट लाइक इट!"

वेटर बिचारा धावत आला. सॉरी म्हणाला, बशी उचलायला लागला, दुसरं काही आणतो म्हणाला. चाचांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "नो सॉरी, भाई. थँक यू. थँक यू." त्यांचे डोळे भरून आले होते आणि वेटर माझ्याकडे मदतीसाठी बघत होता.

परतीच्या अब्रात ते दोघं एका बाकावर, आम्ही शेजारी. ऊन उतरलं होतं. चाचा माझ्याकडे झुकून म्हणाले, "अख्खी उमर गेली, ताई, तेव्हा एक गोष्ट कळली." हसत म्हणाले, पण हसू टिकलं नाही.

तेवढ्यात चाची पाण्याकडे बघतच बोलल्या. एकदा नको म्हटल्यावर त्यांना धीर आला असावा.

"आणि ती सांदणं."

"काय सांदणं?"

"ती पण नाय आवडत मला. कधीच नाय आवडली."

दर वर्षी, चाचा घरी पोचायच्या दिवशी, पहाटे उठून केलेली सांदणं. मी खाली बघितलं. मिलिंदने रेवाचा हात धरला.

"मग काय आवडतं गं तुला?" चाचांनी विचारलं. इतक्या हळू, की इंजिनाच्या आवाजात मला जेमतेम ऐकू आलं.

चाचींनी विचार केला. खरोखरच केला. कपाळाला आठ्या पडल्या, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. होडी धक्क्याला लागली तरी त्या विचारच करत होत्या.

"नाय आठवत," त्या म्हणाल्या.

सगळे उतरले. आम्हीही उतरलो. नावाड्याने त्या दोघांना हाताने खूण केली, उतरा. पारकरचाचा उठले नाहीत. त्यांनी खिशातून आणखी दोन दिरहम काढून त्याच्या हातावर ठेवले.

"भाई, फिर से उधर ले चलो," ते म्हणाले. "आराम से. इनको याद करने दो."