भरून जाणारी होडी

खरं तर लिहिण्याचा अधिकार मला नाही. आमच्या घरातून कॉलेजात पोचलेला मी पहिलाच, आणि वैद्यकाका वयाने माझ्या तिप्पट. चुकलं तर माफ करा.

काका दूध वासावरून तपासतात, नोट उजेडात धरून, आणि माणूस त्याच्याकडे नुसतं बघत राहून. जन्मभर सरकारी ऑडिटमध्ये होते. पनवेलला मावशीच्या घरी मी राहतो, त्याच्या खालच्या मजल्यावर ते एकटे असतात. फोन नंबर कुणालाच देत नाहीत. "कशावरून?" हाच त्यांचा नमस्कार. भरती-ओहोटीचा तक्ताही त्यांना पटत नाही. "हे छापणाऱ्याने समुद्र बघितलाय कशावरून?" म्हणून वाळूत काठी रोवून पाणी स्वतः बघणार.

अशा माणसाने निवृत्तीनंतर कयाक घेतली. एकट्याने वल्हवायची, प्लास्टिकची अरुंद होडी. ती गाडीच्या टपावर बांधून ते दर रविवारी आमच्या गावी, करंज्याला जात आणि डोंगराच्या टोकाला वळसा घालून दिसेनासे होत. तिथे लाटा सरळ कातळावर आपटतात. आमची माणसंही तिथून लांबून जातात.

माझे बाबा मासेमारी करतात. त्यांना वेगळंच खटकलं. "आपली होरी रिकामी जाते न् भरून येते. याची पिशव्यांनी भरून जाते न् रिकामी येते. कायतरी हाय. पोलिसांना सांगाला पायजे. तू शिकलेला हायस, आदी तू इचार."

मी विचारलं, "काका, पिशव्यांत काय असतं?"

"तुला कुणी पाठवलं?"

"बाबांनी."

"ते तुझेच बाबा कशावरून?"

पुढच्या रविवारी बाबांनी मला बोटीत घेऊन त्यांचा पाठलाग केला. टोकापलीकडे खडकात रुतलेला गंजका बार्ज, म्हणजे सपाट मालवाहू जहाज, आहे, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यावर माणूस आहे, हे कुणालाच नव्हतं. काका लाटांतून जवळ येईपर्यंत तो वरून बघत होता, मग त्याने दोरीने बादली सोडली. काकांनी तिच्यात पाण्याच्या बाटल्या आणि भाजी ठेवली. "बैंगन एकेक तपासके लाया है." मग दोरी धरून, लाटांवर हेलकावत, ते त्याला आठवडाभराचं सांगत बसले. एवढं बोलताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

तो बिहारचा सुखदेव, बार्जचा राखणदार. बदली माणूस येईपर्यंत उतरू नकोस, असं सांगून मालक त्याला विसरला होता. काकांचा कुठल्याच ऑफिसवर विश्वास नाही, म्हणून ते स्वतःच जात होते.

पोलिसांकडे बाबा गेलेच, पण सुखदेवसाठी. त्याची सुटका झाली. काकांना मी सांगितलं, तर "कशावरून?" रविवारी ते कयाक टपावर बांधत होते, शेजारी भाजीची पिशवी होती, तेव्हा बाबांचा मला फोन आला. सुखदेव बिहारला पोचला होता. काकांचा नंबर त्याच्याकडेही नव्हता, म्हणून त्यांच्यासाठी निरोप त्याने बाबांकडे दिला होता.

"त्यांना सांग, त्या टोकाला आता एकटं जाऊ नका. वर उभं राहून बघाला कोन नाय."