सैल पट्टा

बाबा आंघोळीला गेले तसं तिने त्यांच्या रेकॉर्ड प्लेयरचं झाकण उघडलं. हेतू चांगला होता.

दोन भावांचा एक बँड भांडणात फुटून त्याचे दोन झाले होते. बाबा थोरल्याच्या बाजूचे, ती धाकट्याच्या. दोघांच्या पहिल्या अल्बमांत सरस कुठला, हा वाद घरात ती शाळेत असल्यापासून चालू होता. बाबांच्या खोलीत त्यांच्या प्लेयरवर थोरला वाजायचा, तिच्या खोलीत तिच्या प्लेयरवर धाकटा, आणि मधल्या खोलीत आई दोघांच्या वर शिलाई मशीन वाजवायची.

"थोरल्यात वजन आहे," बाबा म्हणत. "तुझा धाकटा म्हणजे मागे कुत्रं लागल्यासारखा."

"वजन कसलं? त्यांचा ड्रमवाला दोन ठोक्यांच्या मध्ये चहा पिऊन येतो."

आज तिला त्या चहाचं मूळ सापडलं. चकती फिरवणारा रबरी पट्टा पार सैल पडला होता. तिने तो काढून आईच्या बटणांच्या डब्यात टाकला, शिवणातलं जाड इलॅस्टिक गाठ मारून चढवलं आणि सुई ठेवली. थोरला जो सुटला तो थांबेचना. भारदस्त गायकाची चिमणी झाली.

बाबा डोक्यावर टॉवेल घेऊन दारात आले. "हे कोण?"

"तुमचे थोरले. पट्टा ढिला होता, बाबा. इतक्या वर्षांचं तुमचं ते वजन म्हणजे सैल रबर."

हसून हसून तिचे डोळे वाहिले. आईनेही मशीन थांबवलं. बाबांनी शांतपणे कान पुसला. "साबण गेला असेल," ते म्हणाले. "असू दे. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

भेटायला काका आले. बाबांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसले, मग म्हणाले, "त्याची ती रेकॉर्ड लाव ना जरा."

तिने लावली. इलॅस्टिकचा तिला विसर पडला होता. डोळ्याला रुमाल लावलेल्या काकांसमोर चिमणी जोरात गाऊ लागली. सुई उचलायला ती धावली, तर धक्का लागून सुई मागे सरकली आणि चिमणी तेच कडवं पुन्हा गायली. काकांनी रुमाल खाली घेतला. "दादाला हे आवडायचं?"

आईने बटणांचा डबा पुढे केला. त्यात जुना पट्टा होता, आणि खाली पाकीटही न फोडलेला एक नवा.

"हा कधी आणला?" तिने आईला विचारलं.

"झाली की बरीच वर्षं. मी म्हटलं बसवा, तर म्हणाले, राहू दे. रटाळ वाजला की ती भांडायला येते. नीट वाजला तर आपल्या खोलीचं दार लावून बसेल."

तिने नव्या पाकिटाकडे पाहिलं, ते परत डब्यात ठेवलं आणि जुना पट्टा चढवला. थोरला जड पावलांनी खोलीत आला.

"याला बरं नाही का?" काकांनी हळूच विचारलं.

"त्याची चालच अशी आहे, काका. वजन आहे त्यात."

ड्रमवाला चहाला गेला. ती थांबली. तो सावकाश परतला, ठोका पडला, आणि ती खुर्चीकडे वळली.

"बाबा," ती म्हणाली, "थोरलाच भारी आहे."