चोळलेला हुरडा दुसऱ्याचा

आमच्या बिल्डिंगमध्ये नवं बिऱ्हाड आलं की नानाजी आधी त्यांचे तळहात पाहतात. भविष्य सांगायला नाही, हुरड्यासाठी. माझे पाहून म्हणाले होते, "लय नाजूक हायेत वं. तुले नाई जमत." आठ वर्षं झाली, मी अजून नापासच आहे.

हिंगण्याच्या कारखान्यात उभा जन्म मशीन चालवलेला हा माणूस. पण ज्वारीची कणसं चिकात आली की गावाहून पोतं येतं आणि पार्किंगमागं गोवऱ्यांची आगटी पेटते. ताट नाही, चमचा नाही, हुरडा तळहातावरच. वरच्या मजल्यावरच्या इंजिनिअरनं एकदा हौसेनं गॅसची शेगडी आणली, तर नानाजींनी तिच्यावर चहा ठेवला. चोळलेल्या हुरड्यात कोंडा दिसला की अख्खी मूठ चिमण्यांना. "नवं पीक हाय, कोंडा काहून खाता?"

आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे आपण चोळलेला हुरडा आपण खायचा नाही, दुसऱ्याच्या हातावर द्यायचा. नवं पीक एकट्यानं खाल्लं तर अंगी लागत नाही, असं त्यांची आई म्हणायची. नानाजींसाठी चोळायच्या त्यांच्या बायको, सुमनकाकू. बाकी कोणाचा हुरडा त्यांच्या परीक्षेत कधी पासच झाला नाही.

काकू पावसाळ्यात गेल्या. यंदा आगटी पेटणार नाही असंच सगळ्यांना वाटलं होतं, पण पेटली. नानाजी दोन तास चोळत होते, फुंकर मारून ज्याच्या त्याच्या हातावर ठेवत होते, वर जवसाची चटणी. स्वतःच्या तोंडात मात्र दाणा नाही. विचारलं तर म्हणाले, शुगर आहे. कसली डोंबलाची शुगर! दुपारीच माझ्याकडून संत्र्याची बर्फी मागून नेली होती. मला वाईट वाटलं आणि रागही आला. स्वतःच्याच नियमापायी म्हातारा उपाशी बसला होता.

मी निखाऱ्यातलं एक कणीस उचललं. हात पोळले, डोळ्यांत धूर गेला. तसंच चोळलं, फुंकलं आणि हात त्यांच्यापुढं धरला.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, बोटानं दाणे हलवून पाहिले. चार-पाच ठिकाणी तरी कोंडा होताच. मी चिमण्यांकडे पाहिलं.

"कोंडा राहिला वं, पोरी," एवढंच म्हणाले. मग कोंड्यासकट सगळा हुरडा आपल्या तळहातावर घेऊन तोंडात टाकला, बराच वेळ चावत राहिले आणि रिकामा हात पुन्हा माझ्यापुढं केला.