बाबांना बंद कोण करणार?

बाबा गेल्यावर भेटायला येणाऱ्यांसाठी फोटो हवा होता, आणि अख्ख्या घरात त्यांचा एकट्याचा धड फोटो एकच निघाला, ऑफिसच्या ओळखपत्रावरचा. समोर रजेचा अर्ज यावा आणि तो नामंजूर करावा, असा चेहरा. थोरल्या मुलानं तो मोबाइलमध्ये घेऊन दिवाणखान्यातल्या टीव्हीवर लावला. मोठा पडदा, झगझगीत उजेड. येणारे समोर बसून हात जोडत होते. सगळी व्यवस्था चोख होती, फक्त एका गोष्टीचा विचार कुणी केला नव्हता. संध्याकाळी बाबांना बंद कोण करणार?

धाकट्या बहिणीनं रिमोट उचलला, जरा वेळ धरला आणि परत ठेवला. "दादा, तूच कर."

"मी? लाडकी तू होतीस."

"म्हणूनच म्हणतेय."

आईला सांगायची तर दोघांचीही छाती होईना. झालं, येणारीजाणारी माणसं संपेपर्यंत बाबा रात्रंदिवस चालूच राहिले.

शेवटी थोरल्यानं डोळे मिटून फोटो पडद्यावरून हटवला आणि बातम्या लावल्या. बातम्या देणाऱ्या बाईंच्या आडून बाबा बघत होते. मॅच लावली, तर बाबा खेळपट्टीवर. एका मालिकेत नायक नायिकेचा हात धरायला गेला, तर मधे बाबा. थोरल्याची बायको उठूनच गेली. म्हणाली, "बाबांसमोर बसून हे असलं कसं बघायचं?"

मेकॅनिकला बोलावलं. त्यानं पडद्याला आधी हात जोडले आणि मग घरच्यांना झापलं. "एकच चित्र इतके दिवस लावून ठेवतात का हो? ठसा बसतो त्याचा. उजेड कमी ठेवायचा, मधेमधे बंद करायचा, चित्र बदलत राहायचं."

"बदलायला वडील एकच होते," थोरला म्हणाला.

पडदा साफ करायची सोय सेटिंगमध्येच होती, ती मेकॅनिकनं दाखवली. "ठसा वरवरचा आहे. दोन-तीनदा चालवा, जाईल."

"राहू दे सध्या," आई म्हणाली. "घाई काय आहे?"

आणि तेव्हापासून आईला बर्फाचं वेड लागलं. पंखा जरा जोरात फिरला तरी जिला शाल लागायची, ती बाई दिवसभर ध्रुवावरची अस्वलं बघत बसायची. अस्वलं संपली की बर्फावरून घसरणारी माणसं. निवेदन कुठल्या भाषेत चाललंय, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. थोरल्याला धास्ती वाटायला लागली, दुःखानं हिच्या डोक्यावर परिणाम तर झाला नाही? त्याला स्वतःला काही केल्या रडू फुटत नव्हतं. निदान आईचा टीव्ही तरी धड करून द्यावा, म्हणजे ती पुन्हा माणसांत येईल, असं त्याच्या मनानं घेतलं. आई दोन दिवस धाकटीकडे राहायला गेल्यावर त्यानं पडदा साफ केला. आरशासारखा लख्ख झाला.

आई परतली. पिशवी खाली ठेवली आणि टीव्ही लावला. बर्फातून अस्वल आलं. तिनं खुर्ची पुढे ओढली. चष्मा पुसला. पुन्हा लावला. पांढऱ्याशुभ्र बर्फावर करडी सावली सगळ्यात स्पष्ट दिसते, हे थोरल्याच्या टाळक्यात आत्ता शिरलं.

"आई, मी पुसलं गं," तो म्हणाला. "मला वाटलं, तुला..."

"कळलं मला." आई पडद्याकडेच बघत होती. "मीच सांगणार होते तुला, पुसून टाक म्हणून. रोज मी मनाशी म्हणायचे, आजचा दिवस बसू दे त्यांना, उद्या सांगू."

थोरल्याला हुंदका आवरला नाही. इतके दिवस अडलेलं सगळं एकदम बाहेर आलं. आईनं त्याला जवळ घेतलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिली.

"रडू नकोस. तुझी काही चूक नाही. माझंच मेलीचं नशीब. दवाखान्यात ते गेले, तेव्हा मी खाली औषध आणायला गेले होते. आणि या वेळीही बघ, मी घरात नव्हते."