वाळत घातलेलं वायफाय

आमच्या अंगणापलीकडच्या सुट्या खोलीत नेट मी आणलं. मी! नवऱ्याने नाही, आणि वायफाय बसवायला आलेल्या माणसाने तर मुळीच नाही. तो दारातूनच म्हणाला, "मॅडम, एवढ्या लांब नाही पोचणार." एवढ्या लांब म्हणजे किती? तिकडे कुणी शिंकलं तर इकडून विचारपूस करता येते!

माझी बाळंतपणाची रजा संपली होती. ऑफिसच्या मॅडमनी बजावलं होतं, "सोमवारी सगळ्यांना कामाचा आढावा द्या. नेट टिकलं तर घरून काम करा, नाहीतर ऑफिसात या." ऑफिसात! आमच्या ठोंब्याला दिवसभर सोडून? त्याला अजून नीट बसता येत नाही हो! पण घरात काम करावं, तर माझा आवाज ऐकला की तो गळा काढतो. म्हणून मी सुट्या खोलीत, तो घरात सासूबाईंजवळ आणि त्याच्या पाळण्यावर कॅमेरा. लॅपटॉपच्या कोपऱ्यात त्याचं चित्र. पापणी हलली तरी मला कळलं पाहिजे.

मी राउटर उचलला आणि पाळण्याजवळच्या खिडकीत, खोलीच्या दारासमोर ठेवला. खिडकी उघडी, दार उघडं. नेट असं आलं, जसा जेवणाच्या वेळी पाहुणा!

शनिवारी तालीम केली. सासूबाई सकाळचं धुणं अंगणातल्या दोरीवर टाकून आल्या, आणि थोड्याच वेळात चित्र थिजलं. ठोंब्याचं तोंड अर्धवट उघडं, आणि हालचाल नाही! मी धावत सुटले. तो गाढ झोपला होता. माझ्या चपलांच्या आवाजाने दचकला, रडला, दुपटं ओलं केलं. सासूबाईंनी ते धुऊन त्याच दोरीवर टाकलं. मी खोलीत जाऊन बसते तोच चित्र पुन्हा थिजलं. पुन्हा धावले, पुन्हा रडणं, पुन्हा दुपटं. संध्याकाळपर्यंत आमचं अंगण म्हणजे शिडं उभारलेलं जहाज झालं होतं!

मी कंपनीला फोन लावला.

"मॅडम, राउटर एकदा बंद करून चालू करा."

"अहो, मी तुम्हालाच बंद करीन!"

नवरा चहा पीत दोरीकडे बघत होता. म्हणाला, "अगं, ओले कपडे सिग्नल अडवतात. तू त्याला उठवतेस, तो ओलं करतो, आई वाळत घालते, नेट जातं, की तू परत पळतेस."

"म्हणजे चूक माझी?"

"मी कुठे तसं म्हटलं?"

"डोळ्यांनी म्हटलंस!"

सासूबाईंना मात्र मी गोडीत सांगितलं, "आई, सोमवारी माझी मीटिंग संपेपर्यंत दोरीवर काही नको हं."

"बरं बाई. तुझ्या नेटला ऊन लागू दे."

सोमवारी सुरुवात झकास झाली. मी आकडे दाखवतेय, मॅडम मान डोलावताहेत. तेवढ्यात चित्र थिजलं! ठोंब्याचा हात हवेत, तसाच! मीटिंगमधले सगळे चेहरेही थिजले, पण त्यांचं मला काय? मी पळाले.

अंगणात काहीतरी गार, जड आणि पांढरं थेट तोंडावर आदळलं. चादर! सासूबाईंनी नुकतीच टाकलेली, निथळती! दोरी तुटली आणि ते सगळं लचांड डोक्यावर घेऊनच मी घरात घुसले. पाळण्यात डोकावले. ठोंब्याने डोळे उघडले, एक पांढरं भूत पाहिलं, आणि जी किंकाळी फोडली!

"अगं, काय झालं?" सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"आई, श्वास! श्वास बघा!"

"कुणाचा? त्याचा तर गल्लीला ऐकू येतोय."

"पण मी सांगितलं होतं ना, दोरीवर काही नको म्हणून!"

"दुपटं नाही टाकलं मी. चादर टाकली!"



चादर खांद्यावर घेऊन मी खोलीत परतले. आता संपलंच, उद्यापासून ऑफिस! लॅपटॉपवर बघते तर सगळे चेहरे हलत होते. नुसते हलत नव्हते, गदगदत होते. एक जण तर डोळे पुसत होता. मग माझ्या लक्षात आलं. मी आकड्यांऐवजी लॅपटॉपचा अख्खा पडदाच सगळ्यांना दाखवत होते, कोपऱ्यातल्या पाळण्यासकट! आणि दोरी तुटताक्षणी नेट पुन्हा जोरात सुरू झालं होतं.

"मॅडम, नेटचं जरा..." मी म्हणाले.

"नेट उत्तम आहे," मॅडम म्हणाल्या. "सगळं अगदी स्वच्छ दिसलं. बाळ काय छान झोपलं होतं हो! तुम्ही येईपर्यंत."

मी खांद्यावरची चादर हळूच टेबलाखाली ढकलली.

"घरूनच काम करा. फक्त तो कॅमेरा तिथून काढा."

काढला. आता तो या खोलीत आहे, माझ्या टेबलासमोर. सासूबाईंनी आपल्या मुलाकडून बसवून घेतला, आणि माझं चित्र स्वतःच्या फोनवर घेतलं. मी खुर्चीतून जरा उठले, की कॅमेऱ्यातून आवाज येतो, "बस खाली! झोपलाय तो!"

आणि हे मेलं नेट, आता एकदाही जात नाही!