कुलथे मास्तरांचं खरवडणं

कुलथे मास्तर पहिल्यांदा आमच्या घरी चहाला आले, तेव्हा त्यांनी आमची भिंत खरवडली. नलू, म्हणजे माझी बायको, आत आधण ठेवत होती. मी पानाचा डबा घ्यायला वळलो, तेवढ्यात मागून करकर ऐकू आली. बघतो तर मास्तर खिशातलं ब्लेड काढून खिडकीशेजारचा चुना सोलत होते. चुन्याखाली निळा रंग निघाला, निळ्याखाली हिरवा, आणि हिरव्याखाली कुणीतरी कधीकाळी काढलेल्या पोपटाची चोच.

"तीन वर्षं पोपटाबरोबर राहताय आणि तुम्हाला पत्ता नाही," मास्तर म्हणाले आणि शांतपणे चहाची वाट पाहू लागले. घर भाड्याचं होतं. मालकाला काय सांगायचं या धसक्याने माझा चहा बशीतच गार झाला.

बेलापूरच्या शाळेत मी गणित शिकवायचो आणि ते चित्रकला. "खाली कोण आहे?" हा त्यांचा आयुष्यातला एकमेव प्रश्न. शाळेचा फळा, दुकानांच्या पाट्या, पंचायतीचं दार, ब्लेड लागलं नाही असं गावात फारसं काही उरलं नव्हतं. आंबा काढायच्या तासाला ते इजिप्त सांगत. तिथला नवा राजा जुन्या राजाचं नाव छिन्नीने खोडून स्वतःचं कोरून घ्यायचा म्हणे. ग्रीकांचे संगमरवरी देव मुळात आपल्या म्हसोबासारखे रंगीबेरंगी होते, पावसाने रंग धुतला आणि जग पांढऱ्या दगडाला सौंदर्य समजून बसलं, हे ऐकून मी स्वतः दोन दिवस अस्वस्थ होतो. इटलीत शेतकऱ्यांना द्राक्षाच्या मळ्यात खणताना तसल्या मूर्ती सापडायच्या आणि चित्रकार सगळी कामं टाकून तिकडे धावायचे, हे सांगताना मास्तरांचा आवाज चढायचा. आंबा राहायचा बाजूला.

एकदा त्यांनी असाच एक ग्रीक देव वर्गाच्या भिंतीवर पुरुषभर उंचीचा काढला. अंगावर सूतही नाही. हेडमास्तर फेरीला आले आणि दारातच थिजले. शिपायाला बोलावून त्यांनी त्या देवाला निळ्या शाईचा लंगोट नेसवून घेतला. आम्ही सगळे शरमेने मेलो होतो. मास्तर मात्र खुशीत होते. रोममध्येही एका चर्चमधल्या उघड्या चित्रांवर, चित्रकार मेल्याबरोबर, धर्मगुरूंनी वरून कपडे रंगवून घेतले होते, तेव्हा आपली शाळा योग्य मार्गावर आहे, असं त्यांनी हेडमास्तरांना तोंडावर सांगितलं. खाली आहे तो आहेच, असंही वर ऐकवलं.

त्यांची खोली आमच्या शेजारीच होती. बायको फार पूर्वी वारली, एवढंच आम्हाला ठाऊक. खोलीत एकच तसबीर. कसलीतरी देवी, टपोऱ्या डोळ्यांची, लालभडक ओठांची, रंगाचे थर चढून चढून बटबटीत झालेली. नलू वाटी परत द्यायला गेली तेव्हा सवयीने तिने त्या देवीला हळदकुंकू वाहिलं आणि नमस्कार केला. मास्तर पांढरेफटक पडले. चित्रकाराला आपल्या कामात कुणी बोट घातलेलं खपत नसेल, असं म्हणून आम्ही तो विषय सोडून दिला.

मग त्यांची नजर वेशीबाहेरच्या मारुतीवर गेली. आमचा मारुती म्हणजे शेंदराचा गोळा. दर शनिवारी तेलशेंदूर चढून चढून नाक, डोळे, शेपूट सगळं बुजलेलं. मास्तरांनी चावडीवर चारचौघांत सांगून टाकलं, की खाली मारुतीच असेल कशावरून? एखादा तीर्थंकर असेल, नाहीतर लढाईत पडलेला वीर. सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळल्या. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, कारण मी त्यांच्या शेजारी बसलो होतो.

पाटील म्हणाले, "मास्तर, आमचा मारुती खाली बी मारुतीच हाय. ब्लेड घेऊन तिकडं दिसलात, तर आमच्याइतकं वाईट कुनी न्हाई."

मास्तर तिकडे गेले नाहीत. पण त्या दुष्काळी उन्हाळ्यात, एका सकाळी, शेंदराची ती खोळ आपोआप तडकली आणि गळून पडली. गाव हादरलं. बायका रडू लागल्या, गुरवाने कपाळ बडवून घेतलं. आधीच पाऊस नाही, त्यात देवाने अंग टाकलं. कुणी म्हणालं मास्तरांची दृष्ट लागली. मी धापा टाकत मास्तरांना अडवायला निघालो, तर ते माझ्याआधीच तिथे पोचलेले.

खाली मारुतीच होता. हातभर उंचीचा, नाजूक, वर उचललेला हात, डोक्यावरून वळलेली शेपूट आणि चक्क मिशा. डोळ्यांच्या पापण्यासुद्धा काल कोरल्यासारख्या.

"बगा मास्तर," पाटील म्हणाले, "मी काय म्हनलो हुतो?"

मास्तर हरले होते, सगळ्या गावासमोर. आणि ते रडत होते. हुंदके देऊन, मुलासारखे. "काही झालं नाही हो त्याला," एवढंच म्हणत होते. लोकांना वाटलं, मास्तरांना पश्चात्ताप झाला. खोळ गोदावरीत सोडायला पुणतांब्याला न्यायची ठरली आणि मी मास्तरांना धरून घरी आणलं.

खोलीत येताच त्यांनी ती देवीची तसबीर उतरवली. "ही शालिनी," ते म्हणाले. "माझी बायको."

तिचा तो एकुलता एक फोटो, नगरच्या स्टुडिओतला. सवाष्ण गेलेल्या बाईचा दिवस म्हणजे अविधवा नवमी. दर वर्षी त्या दिवशी मास्तर फोटोसमोर बसत. कधी डोळे तिचे वाटत नसत, कधी ओठ. मग फोटोवर रंगाचा एक हात. असे बारा वर्षांचे हात चढले आणि शालिनीबाई दिसेनाशा झाल्या. आमची भिंत, फळा, पाट्या, तो सगळा सराव होता. खालच्याला धक्का न लावता वरचं काढता येतं का, एवढंच त्या माणसाला शिकायचं होतं, आणि आम्ही त्याला गावभर हसलो होतो. मला स्वतःची लाज वाटली.

त्यांनी कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि कानापासून सुरुवात केली. बिघडला तर कानच बिघडेल म्हणाले. तासभर मी तसबीर धरून बसलो. रंग गेला, मग आणखी रंग गेला, आणि खालून निघाला एक लहानसा कान, त्यात मोत्याची कुडी आणि कानामागे सुटलेले दोन केस.

मास्तरांनी बोळा खाली ठेवला. चेहऱ्याचं काय, मी विचारलं.

"आता नको. माझा हात चुकायचा," ते म्हणाले. "आहे ती खाली. कळलं, तेवढं पुरे."

त्यानंतर ब्लेड त्यांच्या खिशात कधी दिसलं नाही. भाद्रपदात अविधवा नवमीला त्यांनी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. रंगाची पेटी बंद होती. भिंतीवर तीच बटबटीत देवी, आणि तिला एका माणसाचा कान. मी नलूला सगळं सांगितलं होतं, तरी ती दाराशीच थबकली.

"वहिनी," मास्तर म्हणाले, "तेव्हा तुम्ही हिला कुंकू लावलंत. बारा वर्षांत तेवढंच. आज पण लावाल?"

नलूने करंडा उघडला. कुंकू लावताना ती त्या कानाजवळ वाकली आणि हळूच म्हणाली, "शालिनीताई, येते हं मी अधूनमधून."