दिवसाला वीतभर

आमच्या ठाकुर्लीत कुणी जमिनीला कुदळ लावायला निघालं, की शेजारचे नाचणकरकाका आधी खाली बसून मातीवर तळहात ठेवतात. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग डोळे मिटून निकाल सांगतात, "चालेल. गोठलेली नाही."

आता ठाकुर्लीतली जमीन गोठायची म्हणजे काय व्हावं लागेल, हा विचारही करवत नाही. ऐन जानेवारीत आम्ही पंखा दोनवर ठेवून झोपतो. पण हे काकांना सांगायची सोय नाही. त्यांची उमेदीची वर्षं लडाखात एका कंत्राटदाराकडे सुपरवायझर म्हणून गेली. तिथे हिवाळ्यात जमीन इतकी घट्ट होते की पहार मारली तर पहारच उसळून परत येते. तरीही पाया खणायचाच असेल, तर जमिनीला आधी शेक द्यावा लागतो. गरम पाण्याच्या नळ्या अंथरायच्या, वर ताडपत्री, त्यावर जाड रजया, आणि वाट बघत बसायचं. "दिवसाला वीतभर विरघळते," काका वीत ताणून दाखवतात. "त्याहून जास्त कुणाच्या बापाला जमत नाही."

हे वाक्य ते कुठेही चालवतात. लिफ्टची दुरुस्ती? दिवसाला वीतभर. माझ्या मुलाचं गणित? दिवसाला वीतभर. एकदा तुरीची डाळ शिजेना म्हणून माझी बायको सुनंदा कुकरशी भांडत होती, तेव्हाही दारातून हाच सल्ला आला.

शिवाय त्यांची सळई. चार फुटी, टोकदार, दाराआड छत्र्यांच्या शेजारी उभी. तिकडे जमीन आतपर्यंत सुटली का, ते सळई खुपसून बघायचे. "वरून मऊ लागते हो, आत दगड असतो. घाईने बांधलंत की उन्हाळ्यात भिंत खाली बसलीच म्हणून समजा."

मागच्या जानेवारीत सोसायटीत पाण्याची नवी लाइन टाकायला प्लंबर आला. तो कुदळ उचलतो तोच काका सळई घेऊन हजर.

"काका, साइडला व्हा ना. ठाकुर्ली आहे ही."

"असू दे. जमीन आहे ना? आतून सुटलीये का बघू दे."

जमीन आतून फारच छान सुटलेली होती. सळई सरसर खाली गेली आणि थेट चालू पाइपात शिरली. कारंजं पहिल्या मजल्यावरच्या वाळवणापर्यंत उडालं. दोन दिवस अख्खी बिल्डिंग टँकरवर. चेअरमनने काकांना लेखी समज दिली. ती वाचून काका एवढंच म्हणाले, "म्हणूनच आधी तपासायचं असतं."

असा हा माणूस कुणाला भ्यायचा नाही. भ्यायचा तो फक्त मुलीच्या फोनला. वृंदा बाळकुमला राहते, इथून तासाभरावर. तिचा जन्म झाला तेव्हा काका लडाखात कुठल्याशा पंपहाउसखालची जमीन शेकत होते. घरी आले तेव्हा ती पाच महिन्यांची होती आणि त्यांना बघून तिने भोकाड पसरलं. पुढेही त्यांचं असंच येऊन-जाऊन. काकू होत्या तोवर निभावलं. त्या गेल्यावर वृंदाचे फोन "बरे आहात ना? गोळ्या घेता ना?" एवढ्यावरच संपायचे.

यंदा तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून काकांनी धीर करून विचारलं. ती म्हणाली, "माहेरी आहे कोण बाबा? आई नाही. मी इथेच बाई लावते."

त्या दिवशी गेटपाशी माळी झाडासाठी खड्डा खणत होता आणि काका गॅलरीतून नुसते बघत राहिले. हात लावायला खाली उतरलेच नाहीत. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची बेल वाजली. दारात काका, हातात वही.

"वहिनी, बाळंतिणीला शेक कसा देतात?"

सुनंदाला आधी हसू आलं, मग तिने पदराने डोळे पुसले. जन्मभर जमिनीला शेक दिलेल्या माणसाला घरच्या माणसाचा शेक ठाऊक नव्हता. तिने सगळं सांगितलं. सुतळीची बाज, खाली शेगडी, निखाऱ्यांवर ओवा. काका वहीत नकाशा काढत होते.

"तापमान किती ठेवायचं?"

"हाताला सोसेल इतकं, काका."

त्यांनी लिहिलं, 'हाताला सोसेल इतकं', आणि खाली दोन रेघा मारल्या.

बाज कुठे मिळेना. मग स्वतःच चौकट जोडून आठवडाभर सुतळी विणली आणि मापांसकट फोटो वृंदाला पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं, "दहा दिवस येते. मग बघू." काकांनी मला मेसेज दाखवला आणि हवेत वीत ताणली.

बाळंतपण बाळकुमलाच झालं. मग ती आली, तीन आठवड्यांच्या बाळाला घेऊन. सळई गॅलरीत आडवी झाली आणि तिच्यावर दुपटी वाळू लागली. काका रोज शेगडीवर तळहात धरून बसत, पटलं की मगच ती बाजेखाली सरकवत.

दहाव्या दिवशी जावई गाडी घेऊन आला. आम्हीही निरोप द्यायला गेलो. काकांनी सकाळीच वृंदाची बॅग भरून दाराशी ठेवली होती आणि तिच्याकडे पाठ करून बसले होते.

"निघू या?" जावई म्हणाला.

वृंदाने बाजेवर कूस बदलली. "इतक्यात कुठे? सव्वा महिना तरी होऊ दे. दिवसाला वीतभरच होतं ते. विचार बाबांना."

काका उठले, स्टूल ओढलं आणि बॅग थेट माळ्यावर टाकली.

"बाबा, अहो, बाळाची टोपडी आहेत त्यात!" वृंदा ओरडली.

काकांना ऐकूच आलं नाही. ते शेगडीत निखारे घालत होते.